सारिकामिश: थंडीनं मारलं की एन्व्हर पाशानं?

नित्याचं म्हणणं असं की रशियाला आजवर कुणा सेनापतीनं वाचवलेलंच नाही, वाचवलं ते हिवाळ्यानं. नेपोलियन घ्या, हिटलर घ्या, आणि मध्ये कुठेतरी, पहिल्या महायुद्धात, बिचारे तुर्क. पुरावा म्हणून त्यानं मोबाईल पुढे केला. बर्फात कोरलेले सैनिक, रांगेत बसलेले, एकमेकांना टेकलेले. पूर्व तुर्कस्तानातल्या सारिकामिश गावात हिवाळ्यात असे पुतळे करतात आणि जानेवारीच्या सुरुवातीला हजारो लोक बर्फातून चालत जाऊन १९१४ च्या हिवाळ्यात रशियनांवर चालून जाताना तिथे मेलेल्या तुर्की शहिदांना मानवंदना देतात. व्हिडिओच्या खाली लिहिलं होतं: नव्वद हजार सैनिक, एकही गोळी न झाडता गोठून मेले.

देशमुख सरांनी चहाचा ग्लास पायरीवर ठेवला. सरांनी ग्लास खाली ठेवला की पुढचा तासभर कुणी घरी जात नाही.

आमचा कट्टा म्हणजे साताऱ्यात पोवई नाक्याकडे जाताना लागणाऱ्या एका कायमच्या बंद दुकानाच्या पायऱ्या. सर इतिहास शिकवून निवृत्त झाले. बापूची सगळी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून स्टँडवरच्या खिडकीत गेली. सुभेदार मराठा लाइट इन्फन्ट्रीतून आलेले, द्रासला आणि वर सियाचिनला राहिलेले. नित्या आमच्यात लहान, त्याला सगळं व्हिडिओतून कळतं आणि बरंचसं बरोबर कळतं, हे सरांना आवडत नाही. मी ऐकतो आणि मध्येच काडी टाकतो.

"पहिली गोष्ट," सर म्हणाले, "हा रशियाचा हिवाळा नव्हे. सारिकामिश, कार्स, अर्दहान हा सगळा मुलूख १८७८ पर्यंत तुर्कांचाच होता. त्या साली तहात रशियाकडे गेला. तुर्कांचं एर्झुरुम ते सारिकामिश सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे तुर्की फौज स्वतःच्याच अंगणात गोठली. थंडी कशी असते हे तिथल्या मेंढपाळालाही माहीत होतं. नेपोलियनला निदान घर लांब होतं."

"पण सर, थंडी तर होतीच ना?"

"होती. दोघांनाही होती."

इथून वाद पेटला. मुद्दा एका ओळीचा होता: थंडी दोन्ही सैन्यांना सारखी, तर एकच सैन्य का संपलं?

सरांनी मांडणी केली ती थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस तुर्कस्तान महायुद्धात उतरलं. नोव्हेंबरात रशियन फौज एर्झुरुमच्या दिशेनं पुढे आली, कोप्रूकोयजवळ तुर्कांच्या थर्ड आर्मीनं तिला थोपवलं. सेनापती होते हसन इज्जत पाशा. त्यांनी माघार घेणाऱ्या रशियनांचा पाठलाग केला नाही. त्यांचं मत, आता बर्फ पडणार, वसंतापर्यंत थांबा. इस्तंबूलला बसलेल्या युद्धमंत्र्याला हे पटलं नाही. तो एन्व्हर पाशा, वय ३३. ऑगस्टमध्ये जर्मनांनी टानेनबर्गला एक अख्खी रशियन आर्मी वेढून संपवली होती, आणि तसंच काहीतरी आपल्या हातून व्हावं असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

योजना कागदावर सुंदर होती, हे सरही मान्य करतात. तीन कोअर, म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेले हजारो सैनिकांचे तीन मोठे गट. अकराव्या कोअरनं समोरून रशियनांना अडकवून ठेवायचं. नवव्यानं डावीकडून डोंगर चढून बर्दिझच्या खिंडीतून सारिकामिशवर उतरायचं. दहाव्यानं आणखी मोठा वळसा घालून ओल्तूमार्गे यायचं आणि कार्सकडची रेल्वे तोडायची. रशियनांची रेल्वे थेट सारिकामिशपर्यंत येत होती. ती तुटली की पुढची सगळी रशियन फौज पिशवीत.

"बघा!" नित्या म्हणाला. "चूक काय त्यात?"

"तुर्कांची रेल्वे कुठपर्यंत होती विचार," बापू म्हणाला. त्याला उत्तर ठाऊक नव्हतं, पण प्रश्न कुठे टोचतो हे त्याला नेमकं कळतं.

एर्झुरुमला रेल्वेच नव्हती. सर्वांत जवळचं तुर्की स्टेशन कित्येक शे किलोमीटर पश्चिमेला. तिथून पुढे बैलगाड्या, उंट आणि माणसांच्या पाठी. समुद्रातून त्राब्झोन बंदरात माल उतरवायचा तर काळ्या समुद्रावर रशियन आरमार. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेझ्म-ई आलेम, बहर-ई अहमर आणि मिधत पाशा ही थर्ड आर्मीसाठी सामान नेणारी तीन तुर्की जहाजं रशियनांनी बुडवली.

"म्हणजे निघायच्या आधीच अर्धं ठरलेलं होतं," बापू म्हणाला.

"त्यावर एन्व्हरचं उत्तर होतं," सर म्हणाले. "सैनिकांना उद्देशून काढलेला एक हुकूम त्याच्या नावावर सांगतात. आशय असा, की तुमच्या पायात बूट नाहीत, अंगावर कोट नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण शत्रू तुम्हाला घाबरतो, पुढे चला, हवं ते सगळं पुढे मिळेल."

सुभेदार इतका वेळ गप्प होते. ते हसले, पण ते हसणं बरं नव्हतं.

"आरं, थंडी मारत न्हाई," ते म्हणाले. "वलावा मारतो. आमच्याकडं वर पोस्टवर पहिला नियम काय? मोजा वला झाला की आधी मोजा बदल, मग बाकीचं. घाम आला तरी भ्या वाटायचं. चढताना घाम येतो, थांबला की त्याचाच बर्फ होतो. पाय दुखतोय तवर ठीक. दुखायचा थांबला की समजायचं, गेला. आन उपाशी माणूस लवकर गोठतो. पोटात काय नसलं तर अंग तापणार कशानं? मग झोप येती. लई गोड झोप येती. त्या येळी जो बसला तो बसला. त्याला शिव्या घालून, कानाखाली मारून उठवायला लागतं. तिथं दहा-बारा माणसांना उठवायला येक नायक असतो. हितं किती होती?"

कुणी उत्तर दिलं नाही. सुभेदारांच्या डाव्या पायाची दोन बोटं नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर कधी कुणी विचारत नाही.

२२ डिसेंबर १९१४ ला चढाई सुरू झाली. पहिले तीन दिवस सगळं झकास, नित्याला हे सांगताना फार आनंद होत होता. दहाव्या कोअरनं ओल्तू घेतलं. नवव्या कोअरनं बर्दिझ घेतलं, तिथे रशियनांचा थोडा दाणागोटाही हाती लागला. अर्थात ओल्तूच्या वाटेवर धुक्यात आणि बर्फात दहाव्या कोअरच्या दोन डिव्हिजन एकमेकींना शत्रू समजून एकमेकींवरच गोळीबार करत बसल्या, ही गोष्ट त्याच्या व्हिडिओत नव्हती. सरांनी ती आवर्जून घातली.

२५ तारखेला एन्व्हर बर्दिझला होता, स्वतः नवव्या कोअरबरोबर. कोअर कमांडर इहसान पाशाचं म्हणणं, माणसं थकलीत, रात्रभर विसावा घेऊ. एन्व्हर म्हणाला, चला. रात्री खिंडीतून, बर्फातून, पुढची डिव्हिजन निघाली. सारिकामिशच्या वरच्या पाइनच्या जंगलात ती पोचली तेव्हा तिचा मोठा हिस्सा मागे वाटेवर पडलेला होता. काही गोठलेले, काही भरकटलेले, काही आसपासच्या खेड्यात उबेला गेलेले.

आता नित्याचा हुकमाचा पत्ता. त्या रात्री सारिकामिशमध्ये रशियन होतेच किती? रेल्वेची माणसं, मिलिशियाचे म्हातारे-कोतारे, आपल्या पलटणींकडे निघालेले काही सैनिक, तिफ्लिसच्या (आजच्या तिबिलिसीच्या) लष्करी शाळेतून नुकते अधिकारी झालेले पोरगेलेसे तरुण आणि दोन तोफा. बुक्रेतोव नावाचा एक कर्नल योगायोगानं तिथून जात होता, त्यानं हे सगळं गोळा करून संरक्षण उभं केलं. त्याहून कमाल म्हणजे रशियन सेनापती मिश्लायेव्स्की पार हबकला. त्यानं माघारीचा हुकूम दिला आणि स्वतः तिफ्लिसला निघून गेला.

"म्हणजे," नित्या म्हणाला, "रशियन सेनापती पळाला होता सर! सारिकामिश पडलंच होतं. काही तासांचा प्रश्न. तुम्ही एन्व्हरला मूर्ख म्हणता. तो जिंकला असता तर आज त्याचे पुतळे असते आणि तुम्ही वर्गात त्याचं कौतुक शिकवलं असतं."

मला वाटतं हा त्या संध्याकाळचा सगळ्यांत चांगला मुद्दा होता आणि सर त्याला सरळ भिडले नाहीत. ते युदेनिचकडे वळले. निकोलाय युदेनिच हा रशियाच्या कॉकेशस फौजेचा चीफ ऑफ स्टाफ. माघारीचा हुकूम आला तरी त्यानं तुर्कस्तान कोअर (नाव मध्य आशियातल्या तुर्कस्तानचं, पण फौज रशियनच) हातात घेतला आणि जागा सोडली नाही. त्याच्या बरोबरीनं बेर्खमन नावाचा जनरलही टिकून राहिला, त्याचं नाव मात्र मागे पडलं. दरम्यान समोरच्या आघाडीवरून पलटणी काढून सारिकामिशला धाडल्या जात होत्या. कुबानचे प्लास्तुन, म्हणजे पायी लढणारे कोझाक, वेळेत पोचले. २६ पासून २९ पर्यंत तुर्कांनी हल्ल्यांवर हल्ले केले. २९ च्या रात्री काही तुकड्या गावात घुसल्यासुद्धा, घराघरात संगिनींची लढाई झाली. पण मागून रेटा द्यायला कुणी उरलं नव्हतं.

नित्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं बापूनं.

"दहावा कोअर कधी यायचा होता?"

"२५-२६ ला."

"आला कधी?"

"२८-२९ ला."

"आणि का उशीर?"

त्याचं कारण हाफिज हक्की. दहाव्या कोअरचा हा नवा कमांडर ओल्तूहून पळणाऱ्या रशियनांच्या मागे अर्दहानच्या दिशेला लांब गेला. मग वेळ भरून काढायला त्यानं आपली माणसं अल्लाहुअकबर डोंगरावरून घातली, तीन हजार मीटरच्या आसपासची उंची, बर्फाचं वादळ. उतरून पलीकडे पोचले ते कोअर म्हणण्याइतके राहिले नव्हते. आज ज्या गोठलेल्या सैनिकांचे पुतळे करतात ते मुख्यतः या डोंगरावरचे.

"झालं तर," बापू म्हणाला. "ही गाडी ती गाडी आल्यावर सुटणार, ती तिसरीला धरून. घाटात दरड, एक गाडी उशिरा, की सगळा स्टँड आडवा. म्हणून आम्ही मध्ये वेळ सोडतो. नवशिक्याला वाटतं हा वेळ फुकट चाललाय. तुझ्या एन्व्हरनं तो मोकळा वेळच छाटून टाकला होता. काही तासांनी हुकलं म्हणतोस, पण त्या कागदावर काही तासांची चूक खपण्याची सोयच नव्हती. मग ते हुकणारच होतं, फक्त कुठे हुकेल एवढंच बाकी होतं."

नित्या म्हणाला, ही एसटी नाही. बापू म्हणाला, एसटीत माणसं मरत नाहीत म्हणून तरी जास्त काळजी घ्यायला हवी होती.

माझी काडी इथे. मी म्हटलं, २६ नंतर ही लढाई खरं म्हणजे छपरासाठी होती. सारिकामिश ही रशियन छावणी. दगडी बराकी, स्टोव्ह, रेल्वेनं येणारं अन्न, लोकरीचे जाड बूट. तुर्क बाहेर जंगलात, शेकोटी पेटवली तर तोफेला दिसते, न पेटवली तर सकाळी उठत नाहीत. रोज रात्री काहीही न करता एका बाजूची माणसं कमी होत होती आणि दुसऱ्या बाजूची वाढत होती. थंडी तटस्थ नव्हती. गाव ज्याच्याकडे, थंडी त्याच्या बाजूनं. रशियनांनाही तिनं सोडलं नाही, त्यांचे मेलेले, जखमी, आजारी सगळे मिळून अठ्ठावीस-तीस हजार गेले, त्यात हिमदंशानं आणि आजारानं बाद झालेले हजारो. पण त्यांच्या माणसाला पाय काळा पडल्यावर गाडीत घालून मागे न्यायची सोय होती.

सुभेदारांनी मान हलवली. त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

मग आकड्यांवरून जुंपली. नव्वद हजार गोठले हा आकडा तुर्कस्तानात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. सरांचा हिशेब सरळ: थर्ड आर्मी सगळी मिळून सव्वा लाखाच्या आत-बाहेर, त्यातली प्रत्यक्ष लढणारी माणसं ७५ ते ९० हजारांच्या दरम्यान. जर ९० हजार डोंगरातच गोठले, तर सारिकामिशपाशी चार दिवस लढलं कोण? अकरावा कोअर तर त्या डोंगरांत गेलाच नव्हता. मेलेले, जखमी, कैदी, आजारी सगळे धरून नुकसानीचे अंदाज साठ हजारांपासून नव्वद हजारांपर्यंत जातात. थंडीनं गेलेले त्यात प्रचंड आहेत, पण सगळे ते नव्हेत.

"आणि 'एकही गोळी न झाडता' हे तर सपशेल खोटं," सर म्हणाले. "का सांगतात माहितेय? थंडीनं मेले म्हटलं की कुणी हरलं नाही. रशियन जिंकले नाहीत, आपले हरले नाहीत, योजनाही चुकली नाही. आभाळाला जबाबदार धरलं की चौकशी कुणाची करणार?"

नित्याचा यावर आक्षेप होता आणि तो मला अर्धा पटला. तो म्हणाला, तुर्कस्तानात तर उलट एन्व्हरलाच शिव्या घालतात. त्या नव्वद हजारांचं पाप त्याच्याच माथी मारतात. म्हणजे आकडा फुगवला तो त्याला वाचवायला नाही, बुडवायला. हेही खरं आहे. एकच फुगलेला आकडा दोन्ही पक्षांच्या उपयोगी पडतो. त्या वेळी मात्र इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत काही येऊ दिलं नव्हतं. एन्व्हर जानेवारीत परतला आणि लोकांना पराभवाचा आवाका कळायला बराच काळ गेला.

साधारण या सुमारास कुणीतरी पानिपत काढलं. साताऱ्यात कुठल्याही लढाईची चर्चा पानिपतावर न जाता संपत नाही, तशी आमच्याकडे पद्धतच आहे. सरांनी ते तिथल्या तिथे दाबलं, कारण एकदा भाऊसाहेब आले की एन्व्हर रात्री घरी पोचत नाही.

पण आपला खरा संबंध वेगळाच आहे आणि तो नित्याला माहीत नव्हता. लिमान फॉन झांडर्स हा तुर्कस्तानातल्या जर्मन लष्करी मंडळाचा प्रमुख. त्यानं एन्व्हरला या मोहिमेपासून परावृत्त करायचा प्रयत्न केला. आठवणींत तो लिहितो की बोलणं संपताना एन्व्हरनं आपला पुढचा विचारही सांगितला: अफगाणिस्तानातून हिंदुस्थानवर जायचं.

"कुठनं?" सुभेदार म्हणाले. "सारिकामिश घेता येईना, आन हिंदुस्थान?"

"आणि गंमत म्हणजे," सर म्हणाले, "हिंदुस्थानच त्याच्याकडे आधी पोचला होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतलं ते इंडियन आर्मीच्या सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजननं. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. एन्व्हर बर्दिझच्या खिंडीत होता तेव्हा आपली माणसं इराकच्या चिखलात, तैग्रिसच्या काठावर होती." पुढे हीच डिव्हिजन इराकमधल्या कूतला तुर्कांच्या वेढ्यात सापडली, रशियनांची इराणमार्गे येणारी मदत उपयोगी पडली नाही, आणि एप्रिल १९१६ च्या अखेरीस सुमारे तेरा हजार जण शरण गेले. शरणागती घेणारा हलील पाशा हा एन्व्हरचा काका. कैद्यांपैकी किती तरी जण वाळवंटातून चालवत नेताना आणि रेल्वेच्या कामावर मेले. सुभेदारांना कूत माहीत होतं, पलटणीच्या इतिहासात शिकवतात. काका-पुतण्याचं नातं नवीन होतं. ते "हां," म्हणाले आणि तंबाखू मळत बसले.

सारिकामिशचे धागे इतरत्रही जातात. वेढा पडण्याची भीती असताना रशियन फौजांचा सरसेनापती ग्रँड ड्यूक निकोलायनं १९१५ च्या पहिल्या एक-दोन दिवसांत ब्रिटिशांना निरोप धाडला, तुर्कांचं लक्ष दुसरीकडे वळवा. तोवर इकडे संकट टळलेलं होतं, पण लंडनमध्ये त्या निरोपाला पाय फुटले आणि त्यातून दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीवरची, गॅलिपोलीची मोहीम निघाली. दुसरा धागा याहून काळा. पराभवाचं खापर आर्मेनियन लोकांवर फुटलं. रशियनांच्या बाजूनं आर्मेनियन स्वयंसेवकांची पथकं होती हे खरं. पण तुर्की सैन्यातही आर्मेनियन होते, आणि परतल्यावर खुद्द एन्व्हरनं कोन्याच्या आर्मेनियन बिशपला पत्र लिहून त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं होतं. ते पत्र छापून आलं त्याच सुमारास आर्मेनियन सैनिकांची शस्त्रं काढून घ्यायचा हुकूम निघाला. एप्रिलच्या २४ तारखेला इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक, वकील, पुढारी उचलले गेले आणि पुढे आर्मेनियनांची जी कत्तल झाली ती लाखांच्या हिशेबात आहे. यावर कट्ट्यावर वाद झाला नाही.

वाद परत पेटला तो हसन इज्जत पाशावरून. चढाईच्या तीन-चार दिवस आधी त्यांनी सेनापतिपद सोडलं. आधी होकार दिला होता, मग जबाबदारी घ्यायला नकार. लष्करी शाळेत ते एन्व्हरचे शिक्षक होते, असं सांगतात. कुरकुर करणारे बाकीचे कोअर कमांडरही बदलले गेले. उलट हाफिज हक्कीनं वाटा पाहून तार केली होती की हे जमेल, मला संधी द्या. त्याला दहावा कोअर मिळाला.

सर हसन इज्जतच्या बाजूनं. शिक्षकानं शिष्याला सांगायचं ते सांगितलं, ऐकलं नाही, बाजूला झाले. स्वाभिमानी माणूस आणखी काय करणार?

"बाजूला झाला," सुभेदार म्हणाले. "पोरं बाजूला झाली का? तुमी म्हणता त्यानं नकार दिला. मी म्हणतो त्यानं चार्ज दिला. आमच्यात जेसीओला, म्हंजी माझ्यासारख्या सुभेदाराला, हुकूम चुकीचा वाटला तर सांगतो, दोनदा सांगतो, मग पोरांसंगं जातो. मोजे तपासायला तरी कोण पायजे का नको? त्यो राहिला असता तर योजना हीच असती, पण अल्लाहुअकबरच्या आधी येक रात्र कुणी तरी थांबवली असती."

"नसती थांबवली," बापू म्हणाला. "राहिला असता तर त्यालाच हाकललं असतं. किंवा त्यानंच गप्प बसून सही केली असती. गेला ते निदान कागदावर राहिलं."

"आणि इहसान पाशा राहिला की," मी म्हटलं. "त्यानं बर्दिझला थांबा म्हणून सांगितलं. ऐकलं नाही तेव्हा माणसांबरोबर पुढे गेला. ४ जानेवारीला आपल्या डिव्हिजन कमांडरांसकट रशियनांच्या हाती सापडला आणि सैबेरियाला गेला. त्याच्या राहण्यानं काय थांबलं?"

सुभेदार म्हणाले, काय थांबलं न्हाई, पण तोंड दाखवायला जागा राहिली. सर म्हणाले, सेनापतीचं काम तोंड दाखवणं नाही. त्यावर दोघांचे आवाज इतके चढले की समोरच्या चहावाल्यानं मान बाहेर काढून बघितलं.

नित्यानं शेवटपर्यंत हार मानली नाही. मिश्लायेव्स्की पळाला आणि एन्व्हर पुढे आला, यात शूर कोण, एवढंच मला सांगा, म्हणाला. सरांनी त्याला सांगितलं की एन्व्हर दहा जानेवारीच्या आसपास राहिलेली आर्मी हाफिज हक्कीच्या हवाली करून इस्तंबूलला गेला, आणि हाफिज हक्की फेब्रुवारीत एर्झुरुमला टायफसनं मेला. त्या साथीत सारिकामिशहून वाचून आलेलेही गेले. नित्या म्हणाला, ते साथीनं मेले, त्याचा योजनेशी काय संबंध? बापूनं कपाळाला हात लावला आणि सर पुन्हा पायरीवर बसले.